दाताच्या रंगाचं फिलिंग: मुंबईत पहिल्यांदा करून घेणाऱ्यांसाठी

डाव्या बाजूच्या खालच्या एकाच दाढेत मी वर्षभरात दोनदा फिलिंग करून घेतलं. पहिलं चार महिन्यांत निघालं. ऑफिस सुटल्यावर स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात गेले होते, बाहेर सहा माणसं खोळंबली होती आणि डॉक्टरांनी वीस मिनिटांत काम उरकलं. गालात ठेवलेला कापसाचा बोळा लाळेने भिजून सरकला होता, हे मला जाणवत होतं. पण तो बदलायला हवा हे ठाऊक नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. दुसरं फिलिंग त्याच पदार्थाचं, जवळपास तेवढ्याच पैशांत, दुसऱ्या डॉक्टरांनी पाऊण तास घेऊन केलं. त्याला आता सहा वर्षं झाली, अजून पक्कं आहे.

त्यानंतर सासूबाईंचे तीन दात आणि मुलाचा तुटलेला पुढचा दात, एवढं काम घरात झालं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली: दात कोरडा ठेवला आणि डॉक्टरांनी वेळ दिला, तर हे फिलिंग टिकतं. म्हणून खाली जे लिहिते आहे त्यात याच दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील.

आधी थोडं नावांबद्दल, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. डॉक्टर ज्याला ‘कॉम्पोझिट’ म्हणतात त्यालाच कुणी पांढरं सिमेंट म्हणतं, कुणी लाईटचं फिलिंग, तर कुणी लेझर फिलिंग. यात लेझर कुठेच नसतो. रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा एक पदार्थ, आणि त्यात मिसळलेली काचेची अतिशय बारीक पूड, असा हा मऊ लगदा असतो आणि तो निळ्या एलईडी प्रकाशाखाली घट्ट होतो. ‘लेझरचे जास्त पैसे’ असं कुणी सांगितलं, तर नेमकं काय वापरणार ते विचारा.

चांदी, म्हणजे दाढेत भरतात ते धातूचं मिश्रण, भरायची तर ती अडकून राहावी म्हणून खड्ड्याला आतून विशिष्ट आकार द्यावा लागतो, त्यात थोडा चांगला दातही जातो. कॉम्पोझिट दाताला चिकटतं. १९५५ साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिलं की दाताच्या वरच्या कवचावर फॉस्फरिक अॅसिड लावलं की ते सूक्ष्म खडबडीत होतं आणि त्यावर रेझिन पक्कं बसतं. पुढे १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी आजच्या कॉम्पोझिटचं मूळ रेझिन घडवलं. चिकटण्याचा हा सगळा खेळ कोरड्या दातावर चालतो.

१. दुखणं कोणत्या प्रकारचं आहे ते बघा

गार पाणी किंवा गोड लागलं की सणक येते आणि काही सेकंदांत जाते, तेव्हा बहुधा फिलिंगने भागतं. गरम चहाने सुरू झालेला ठणका पाच-दहा मिनिटं राहतो, रात्री आपोआप दुखून जाग येते, हिरडीवर पुटकुळी येते, तेव्हा कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असण्याची शक्यता जास्त. अशा दाताला रूट कॅनॉल लागू शकतं. तिथे वरून फिलिंग करून घेण्याचा हट्ट धरू नका. माझ्या मावशीने धरला होता, पंधरवड्यात गाल सुजला.

हिरडीजवळ दातांना खाच पडली असेल आणि तिथे शिवशिवत असेल, तर ती कीडच असेल असं नाही. मिश्री रगडून लावणं आणि कडक ब्रश आडवा घासणं यांनी दात तिथे झिजतो. सासूबाईंचे तिन्ही दात असेच झिजले होते. मिश्रीत तंबाखू असते, त्यामुळे प्रश्न दातापुरता राहत नाही. फिलिंगच्या निमित्ताने त्यांची चाळीस वर्षांची मिश्री सुटली, याचा मला दाताहून जास्त आनंद झाला.

लवंगेचं तेल लावून दिवस ढकलत असाल, तर ते डॉक्टरांना सांगा. त्यातलं युजेनॉल कॉम्पोझिट नीट घट्ट होऊ देत नाही. लवंगेच्या वासाचं तात्पुरतं सिमेंट आधी भरलेलं असेल, तर तेही सांगा.

मूल पडून पुढचा दात तुटला तर तुकडा शोधा आणि दुधात किंवा पाण्यात ठेवून लगेच दवाखाना गाठा. तुकडा अखंड असेल तर कधी कधी तोच परत चिकटवता येतो. आमच्या मुलाचा तुकडा सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळताना हरवला, म्हणून पूर्ण कोपरा कॉम्पोझिटने घडवावा लागला.

२. कुठे जायचं ते ठरवा

मुंबईत दोन वाटा आहेत. एक, दंत महाविद्यालयाचं रुग्णालय. महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे. खर्च खासगीपेक्षा खूप कमी येतो, मात्र सकाळी लवकर पोचावं लागतं. केस पेपर, मग तपासणी, मग एक्स-रे आणि त्यानंतर फिलिंगच्या विभागात पाठवणी, असा क्रम असतो. त्या विभागाच्या पाटीवर ‘कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री’ असं काहीसं लिहिलेलं असतं. पहिल्याच दिवशी काम होईल असं धरून चालू नका, पुढची तारीख मिळू शकते.

सासूबाईंना आम्ही नायरला नेलं. काम शिकाऊ डॉक्टर करतात म्हणून त्या घाबरल्या होत्या. प्रत्यक्षात त्या मुलीने दर टप्प्यावर सरांना बोलावून दाखवलं आणि पुढचं पाऊल टाकलं. एका दाताला तासाच्या वर लागला. ज्यांच्याकडे दिवस काढायची सोय आहे, त्यांना मी निःसंकोच हीच वाट सांगेन.

दुसरी वाट खासगी दवाखान्याची. इथे दरात मोठा फरक दिसतो. मुलाच्या दातासाठी भांडुपला मला १,२०० रुपये सांगितले आणि दादरला २,०००. खड्डा किती मोठा, दाताच्या किती बाजूंना पसरला आहे आणि पुढचा दात आहे की दाढ, यावर रक्कम ठरते. एक्स-रेचे पैसे त्यात धरले आहेत का ते आधीच विचारा.

डॉक्टर बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी घेतलेले, असावेत. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा किंवा दुसऱ्या राज्याच्या परिषदेचा असतो, तो पाटीवर किंवा चिठ्ठीवर दिसायला हवा. फिलिंगच्याच विषयात एमडीएस, म्हणजे पुढची पदव्युत्तर पदवी, केलेले डॉक्टर मिळाले तर पुढच्या दातासाठी जरूर जा. साध्या दाढेसाठी रोज हे काम करणारे अनुभवी बीडीएस डॉक्टर पुरेसे आहेत.

फोन करताना मी आता एकच प्रश्न विचारते: ‘या कामासाठी किती वेळ ठेवाल?’ पाऊण तास असं उत्तर आलं तर नाव नोंदवते. शक्यतो सकाळची किंवा दुपारची वेळ घ्या. संध्याकाळी सात ते नऊ दवाखाना भरलेला असतो, आणि तुम्हालाही गाडी पकडायची घाई असते.

३. सोबत काय घ्यायचं

ओळखपत्र, त्या दाताचा जुना एक्स-रे असेल तर तो, चालू औषधांची यादी, मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट. सरकारी रुग्णालयात जाताना सुटे पैसे आणि पाण्याची बाटली.

तोंडी सांगायच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. रक्तदाब, हृदयविकार, दमा, गरोदरपण, आधी इंजेक्शनची किंवा रबराची अॅलर्जी आली असेल तर ती. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नका. पोटभर खाऊन जा, कारण नंतर दोन-तीन तास नीट चावता येत नाही. निघताना दात घासा आणि पुढच्या दाताचं काम असेल तर लिपस्टिक लावू नका. लाल रंगाशेजारी दाताचा रंग ठरवताना डोळा फसतो.

४. होकार देण्याआधी विचारायचे प्रश्न

मोफत तपासणी शिबिरात आमच्या शेजारणीला सात दात किडलेले सांगितले होते. दुसरीकडे एक्स-रे काढल्यावर फिलिंगची गरज दोनच दातांना निघाली. दाढेच्या घडीतली प्रत्येक काळी रेघ कीड नसते, कधी तो चहा-तंबाखूचा डाग असतो. कीड अगदी सुरुवातीची, वरच्या कवचापुरती असेल तर फ्लोराइड लावून लक्ष ठेवणं हाही उपाय असतो. म्हणून आरशात किंवा फोटोत दाखवा, एक्स-रेवर बोट ठेवून सांगा, असं नम्रपणे म्हणा. चांगले डॉक्टर आनंदाने दाखवतात.

मग हे विचारा:

- कीड नसेच्या किती जवळ आहे? जवळ असेल तर खाली औषधाचा थर देणार का?
- उरलेला दात फिलिंग पेलण्याइतका आहे, की कॅप बरी पडेल? दाढेच्या भिंती गेल्या असतील तर मोठं फिलिंग दाताला वाचवत नाही. उरलेली भिंत चावताना फुटते.
- खड्डा हिरडीच्या खाली गेला आहे का? तिथे रक्त आणि ओल आवरणं कठीण असतं. अशा जागी डॉक्टर जीआयसी, म्हणजे ग्लास आयोनोमर सुचवू शकतात. ते दिसायला कॉम्पोझिटइतकं सुबक नसतं आणि चावण्याच्या जोराला कमी टिकतं, पण ओल थोडी सोसतं आणि फ्लोराइड सोडतं. सासूबाईंच्या दोन दातांना तेच भरलं.
- दात कोरडा ठेवायला रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पातळ पडदा, लावता का?

शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं म्हणून उठून येऊ नका. कापसाचे बोळे वेळेवर बदलून आणि थुंकी ओढणारी नळी नीट धरूनही चांगलं काम होतं. मात्र या प्रश्नाने डॉक्टरांना समजतं की तुम्हाला कोरडेपणाची काळजी आहे.

जुनी चांदी काढून पांढरं करावं का, हे मला सगळ्यात जास्त लोक विचारतात. चांदीच्या मिश्रणात वजनाने निम्म्याच्या आसपास पारा असतो, हे खरं. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१७ पासून मिनामाता करार लागू आहे आणि भारतानेही तो २०१८ मध्ये मान्य केला. पण तोंडातली चांदी पक्की असेल, कडेने कीड नसेल, तर ती उगाच उकरू नये असाच सल्ला मला दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिला. काढताना चांगला दातही थोडा जातो आणि त्या वेळी पाऱ्याची वाफही सुटते. माझ्या उजव्या बाजूची वीस वर्षांची चांदी मी तशीच ठेवली आहे.

५. रंग सुरुवातीलाच ठरवा

दात ओला असतानाच रंग जुळवायचा असतो. वाळला की तो जास्त पांढरा दिसतो. डॉक्टरांकडे दातांच्या छटांची पट्टी असते. तिच्यावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं आणि आकडे असतात. ती खिडकीजवळच्या उजेडात धरायला सांगा, खुर्चीवरच्या पिवळ्या दिव्याखाली धरू नका. पुढच्या दातासाठी मी मुलाच्या ओठाशी आरसा धरून तीन छटा पाहिल्या. डॉक्टरांनी तर एक ठिपका दातावर ठेवून प्रकाशाने घट्ट करून दाखवला आणि मग काढून टाकला.

दात पांढरे करून घ्यायचे मनात असेल तर ते आधी करा आणि फिलिंगला निदान दोन आठवडे थांबा. ब्लीचिंगने दात उजळतो, फिलिंग नाही. नंतर केलंत तर दोन रंग वेगळे दिसतील.

६. खुर्चीत काय काय होतं

खोल कीड असेल तर सुन्न करायचं इंजेक्शन देतात. उथळ असेल तर कधी त्याशिवायही चालतं. दुखलं की हात वर करायचा, हे आधीच ठरवून घ्या.

कीड कोरून झाली की दात धुतात. खड्डा दोन दाढांच्या मधल्या बाजूला असेल तर भोवती पातळ पत्र्याची पट्टी बसवून फटीत लाकडाची बारीक पाचर देतात. ती दाबते, थोडी दुखते, पण तिच्यामुळेच शेजारच्या दाताशी घट्ट टेकणारी भिंत तयार होते. हा टप्पा घाईत झाला की पुढे वर्षानुवर्षं त्या फटीत मटणाचे धागे आणि मेथीची पानं अडकतात.

मग निळ्या रंगाचा जेल लावतात. त्यात साधारण ३७ टक्के फॉस्फरिक अॅसिड असतं आणि ते पंधरा ते तीस सेकंद ठेवतात. जिभेला लागलं तर आंबट लागतं, गिळू नका, खूण करा. जेल धुऊन झाल्यापासून प्रकाश पडेपर्यंतची चार-पाच मिनिटं सगळ्यात नाजूक असतात. या वेळात दाताला लाळ लागली की त्यावर पुढे लावायचा चिकट द्रव नीट बसत नाही. बोलू नका, जीभ तिकडे नेऊ नका, तोंड मिटू नका. बोळा भिजल्यासारखा वाटला तर हात वर करा. मी पहिल्या वेळी हात वर केला नाही. लाळ लागलीच तर डॉक्टर तो भाग धुऊन जेलपासून पुन्हा करू शकतात.

त्यानंतर चिकट द्रवाचा पातळ थर, त्यावर हवेचा झोत, मग निळा प्रकाश. पुढे कॉम्पोझिट सहसा दोन मिलिमीटरपर्यंतच्या थरांनी भरतात आणि प्रत्येक थराला वीसेक सेकंद प्रकाश देतात. घट्ट होताना ते दोन-तीन टक्के आकसतं. एकदम भरलं तर कडेला फट राहू शकते आणि तळापर्यंत प्रकाशही पोचत नाही. एका वेळी चार मिलिमीटर भरता येतील असे वेगळे प्रकारही आता मिळतात. त्या निळ्या प्रकाशाकडे पाहू नका, डोळे मिटून घ्या. लहान मुलांना हे दोनदा सांगा.

७. उठण्याआधी चावून बघा

रंगीत कागद दातांत धरून चावायला सांगतात. जिथे गडद ठिपका उमटतो तिथे फिलिंग उंच असतं. नुसतं वर-खाली चावू नका, जबडा डावी-उजवीकडे घासूनही बघा. सुन्नपणामुळे चावा नीट कळत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी ‘आधी तिथेच दात टेकतो’ असं वाटलं तर लाज न बाळगता परत जा. पाच मिनिटांत घासून देतात आणि मला कुणी कधी त्याचे पैसे मागितले नाहीत. उंच राहिलेलं फिलिंग घेऊन महिनाभर चावत राहिलात तर दात ठणकायला लागतो.

दोन दातांमध्ये फ्लॉसचा दोरा घालून बघायलाही सांगा. दोरा टक असा आवाज करत अडखळून आत गेला तर फट नीट बुजली आहे. सरकन गेला किंवा धागे सुटून निघाला, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

पॉलिश करून घेतल्याशिवाय निघू नका. खडबडीत जागेवर हळदीचा आणि चहाचा डाग लवकर बसतो.

बिलावर दाताचा क्रमांक आणि वापरलेल्या कॉम्पोझिटचं नाव लिहून घ्या. पुढे दुरुस्तीच्या वेळी ते उपयोगी पडतं.

८. त्या दिवशी

कॉम्पोझिट खुर्चीतच घट्ट होतं, त्यामुळे चावायला हरकत नसते. अडचण सुन्नपणाची असते. ओठ बधिर असताना कटिंग चहा किंवा गरम वडापाव खाल्लात, तर भाजल्याचं कळत नाही. मुलं सुन्न गाल चावून जखम करतात, त्यांच्याकडे दोन-तीन तास लक्ष ठेवा. पहिला दिवसभर हळदीची आमटी, कोरा चहा, पान, तंबाखू टाळलेलं बरं. आमच्याकडे त्या रात्री दहीभात असतो.

पुढच्या दाताचं काम झालं आणि घरी आरशात दात फिलिंगपेक्षा पांढराफटक दिसला, तर घाबरू नका. काम चालू असताना तो वाळलेला असतो. एक-दोन दिवसांत पुन्हा ओल धरून मूळ रंगावर येतो. मुलाच्या वेळी मी रात्रीच डॉक्टरांना फोन करणार होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणता कोपरा नवा तेच ओळखू येईना.

९. पुढचे पंधरा दिवस

गार लागल्यावर शिवशिवणं काही दिवस, कधी दोन आठवडेही राहतं. ते रोज थोडं कमी होत गेलं पाहिजे. वाढत असेल, गरमाने दुखत असेल, रात्री जाग येत असेल किंवा सूज दिसली, तर थांबू नका. नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढू नका.

१०. त्यानंतर

चांगलं झालेलं कॉम्पोझिट पाच ते दहा वर्षं चालतं, काळजी घेतली तर त्याहून जास्तही. ते बहुतेक वेळा कडेने पुन्हा कीड लागून किंवा तुटून जातं. रात्री झोपताना ब्रश आणि दातांमध्ये फ्लॉस, एवढं चुकवू नका. बर्फ, सुपारी, उसाचं पेर आणि कडक चिक्की त्या दातावर फोडू नका. झोपेत दात खात असाल तर डॉक्टरांना सांगा, रात्री लावायचं गार्ड मिळतं. वर्षातून एकदा तपासून घ्या. कोपरा उडाला किंवा डाग पडला तर पूर्ण फिलिंग काढायची गरज नसते, तेवढाच भाग घासून नवा थर चिकटवता येतो. तेव्हाही तेच निळं जेल लागतं आणि बोळा भिजला तर हात वर करायचा असतो.